काळ्या बिअरचं गाऱ्हाणं

ती. स्व. दादास मालनचा वाकून नमस्कार (गुडघे दुखतात, तरी वाकूनच).

तुझी शुगर, वहिनीची पाठ आणि तुमच्या चेंबूरच्या बिल्डिंगचं पाणी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. इकडे अंधेरीत सगळे मजेत. आता मुद्द्याचं. होय, मी बिअर प्यायले. भावकीत फिरतोय त्या व्हिडिओत दिसते ती हिरव्या साडीतली बाई मीच. माफी मागणार नाही.

"एक्साइजमध्ये बत्तीस वर्षं हातभट्ट्या फोडल्या आणि भाचीनेच भट्टी लावली," हा तुझा निरोप क्षमावहिनीने फोनवर शब्दन् शब्द ऐकवला. अरे, भट्टी कसली? माझी रुचिरा मायक्रोबायोलॉजी शिकलेली. एमआयडीसीतल्या तिच्या गाळ्यात टाक्या इतक्या चकचकीत की मी त्यात बघून कुंकू नीट केलं. तिथे तिने पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने एक बिअर केली, भाजलेली कॉफी भिजत घालून, आणि चव घ्यायला माणसं बोलावली. तुलाही बोलावलं होतं. तू आला नाहीस.

आता नवं काम म्हटल्यावर साधा नारळही नको? तो मी नेलाच. पण देवाला गाऱ्हाणं घालायला घरचा पुरुष लागतो. आमचे हे पडले घाटावरचे, त्यांना ते जमत नाही, आणि ज्याला जमतं तो चेंबूरला रुसून बसलेला. मग पदर खोचून मीच घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवान ही काळी बिअर केल्यान हा. ह्येच्यात काय उणादुणा रवला आसात तर ता पदरात घे, आणि तिका यश दी रे म्हाराजा!" तर चव घ्यायला आलेली, गळ्यात ऑफिसचे पट्टे अडकवलेली ती दाढीवाली पोरं एकसुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" (कोणी शिकवलं त्यांना, कोण जाणे.) पहिली धार टाकीच्या पायाशी सोडली. दुसरी, आमटीचं मीठ बघतात तशी, तळहातावर घेऊन चाटली. मग ग्लास आला. तोही संपवला.

आणि तू कुठल्या तोंडाने बोलतोस रे? दरवर्षी गावाला राखण देताना सीमेवरच्या राखणदार देवचाराला दारूची बाटली कोण ठेवतं? नोकरीत होतास तेव्हाही ठेवायचास. देवचाराला चालते आणि भाचीने केलेली चालत नाही, हा कुठला न्याय? भावकीत कोणी नाक मुरडलं तर ठणकावून सांगेन, अशी चव उभ्या जन्मात घेतली नव्हती!

तुझी धाकटी,
मालन

ता. क. खरंच घेतली नव्हती. करपलेल्या तव्यावर आंबट ताक ओतावं तशी लागते रे. पोरगी समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून संपवली आणि "झकास" म्हटलं.

ता. क. २. तिला ते पटलेलं नाही. म्हणते, "आई, तू काहीही झकासच म्हणशील ना. मामा हातभट्टीच्या नुसत्या वासावरून त्यातला गूळ कुठला ते सांगायचा. त्याला आण, यार." तर रविवारी ये. पिऊ नकोस, फक्त हुंग, आणि कुठे चुकलंय ते तिला तोंडावर सांग. दादा, बिअर प्यायल्याची मला अजिबात लाज वाटत नाही. लेकीशी खोटं बोलले, त्याची वाटते. ये ना रे.