प्रवाळभिंतीपाशी काय झालं

प्रिय चिंगे,

काल तू फोनवर तोंडाला येईल ते बोललीस आणि माझं एक अक्षर न ऐकता फोन ठेवलास, त्याचा मला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरायच्या खोलीत उभी होते आणि मागे कॉम्प्रेसर धडधडत होता, म्हणून माझ्या शिव्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत एवढंच. तुझा होणारा नवरा म्हणतो, मी तुझ्या बहिणीचा जीव घेणार होतो, माझ्याशी लग्न करू नकोस. आणि तू म्हणतेस, तो तुला पहिल्यापासून आवडत नव्हता, म्हणून तू त्याला मुद्दाम खोल नेऊन घाबरवलंस. यातलं आवडत नव्हता हे खरं आहे. तुझा तो दातांचा डॉक्टर पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा त्याने आईला स्वतःच्या पोहण्याचे पराक्रम ऐकवले आणि बाबांना निवृत्तीनंतर कसं जगावं ते शिकवलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी स्वयंपाकघरात आईजवळ म्हटलंही होतं. पण मुद्दाम नेलं हे साफ खोटं. समुद्राखालची ती प्रवाळभिंत बघायचा हट्ट त्याचाच होता.

तू ती भिंत पाहिलेली नाहीस. वर उथळात प्रवाळाची बाग, जांभळे पंखे, माशांची ये-जा, आणि मग एकदम कडा. खाली तळ नाहीच, नुसतं गडद निळं. पाणी इतकं नितळ की आपण किती खाली उतरलो ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून नवख्याला आम्ही शिकवणारे भिंतीच्या बाजूला ठेवतो आणि स्वतः मोकळ्या बाजूला राहतो, त्याच्या आणि त्या खोल निळ्याच्या मध्ये. आणखी एक म्हणजे, हवेची जादाची पिवळी नळी मी हनुवटीखाली बांधते. ती माझ्यासाठी. शिकवताना कितीही बजावलं, तरी घाबरलेला माणूस समोरच्याच्या तोंडातलीच नळी ओढतो. हिचा श्वास चालू आहे म्हणजे हीच नळी चांगली, असं त्याला वाटतं.

त्या दिवशी तेच झालं. त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि ते त्याने नाकाने ओढलं असणार. स्वतःची नळी थुंकून त्याने माझी हिसकावली आणि त्या झटापटीत माझा मास्क निघून खाली गेला. उघड्या डोळ्यांना खाऱ्या पाण्यात सगळं धूसर दिसतं. मी चाचपडत पिवळी नळी तोंडात घेतली, तोवर हा वर पळायला बघत होता. श्वास रोखून एकदम वर गेलं तर फुप्फुसं फाटतात, हे त्याला तोंडपाठ होतं, पण अशा वेळी पाठांतर कुणाला आठवतं? मी त्याच्या छातीवरचा पट्टा गच्च धरला. मी त्याला बुडवतेय असंच त्याला वाटलं असणार. त्याने लाथ मारली, माझी बरगडी अजून काळीनिळी आहे. भिंत सुटली होती आणि आम्ही दोघं खाली चाललो होतो, हे मला फक्त कानांच्या कळांवरून कळत होतं. चिंगे, मी फार घाबरले. आईला आता कोण सांगणार, एवढंच डोक्यात होतं.

वर आल्यावर बोटवाल्या काकांनी विचारलं, मास्क कुठे गेला? मी म्हटलं, पट्टा तुटला. हे तुझ्यासाठी सांभाळून घेतलं. त्याच्याबरोबर आलेले मित्र आपापली बुडी संपवून बोटीतच बसले होते. तर हा काकडत सगळ्यांसमोर म्हणाला, नाही काका, ताईंच्या तोंडातली हवा मी ओढली. माझा अंदाज चुकला होता. हा माणूस बढाया मारतो, पण लपवत नाही.

तरी त्याने तुला अर्धंच सांगितलंय. उरलेलं अर्धं त्याला आठवतच नाही. तिथे खाली अचानक त्याच्या लाथा थांबल्या. मास्कमधलं पाणी त्याने काढलं असणार, मी शिकवलं होतं तसं. मग माझी नळी कुणीतरी माझ्या हातात परत ठेवली. म्हणजे त्याने स्वतःची तोंडात घेतली होती, आता त्याला माझी गरज नव्हती. गरज मला होती, मला काही दिसत नव्हतं. त्याने माझं मनगट धरलं आणि मला वर आणायला सुरुवात केली, इतकं सावकाश की मलाच घाई झाली. पृष्ठभागाच्या जरा खाली थोडा वेळ थांबावं लागतं, नाहीतर रक्तात वायूचे बुडबुडे होतात. बोटीचा तळ त्याला डोक्यावर दिसत होता. तरी वेळ पुरी होईपर्यंत तो तिथून हलला नाही. बोटीत मी हे सांगू लागले, तर मी त्याची समजूत काढतेय असं त्याला वाटलं. माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकेल. म्हणून हे पत्र. तो अजूनही मला फारसा आवडत नाही, आणि लग्नाचं तू तुझं ठरव. पण आजच त्याच्या दवाखान्यात जा आणि हे त्याला वाचून दाखव. वर जायची वाट मोकळी होती आणि तो माझा हात धरून थांबला होता, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं.

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई