बर्फावरच्या पाकळ्या

प्रिय मेलिसा,

फोन केला की तू मीटिंगमध्ये, मेसेज केला की तुझा तो अंगठा. मिस ग्वेन गेली असं कळवलं, त्यावरसुद्धा अंगठा! अगं, माणूस गेलंय, पिझ्झा नाही आलेला. जिने तुला बर्फावर उभं राहायला शिकवलं ती बाई गेलीय. म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. तुझ्या त्या पॅरामॅटाला पोहोचायला आठवडा लागेल, लागू दे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आपल्या स्केटिंग रिंकवर तिच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. क्लबवाल्यांना तिची 'वेचणी' हवीय, तो तिचा बर्फावरचा नाच. कुणाकडे व्हिडिओ नाही, कारण कॅमेरा दिसला की बाईसाहेब थांबायच्या. शिकवली ती फक्त तुला. आणि तू पप्पांना काय सांगतेस, तर कामाचं प्रेशर आहे, मम्मी समजून घेईल. मम्मी काही समजून घेणार नाही, लिहून ठेव.

ही वेचणी सुरू कशी झाली ते तरी आठवतंय का? कसं आठवणार, तू इतकीशी होतीस. क्लबचा शो, आणि शेवटी मिस ग्वेन येणार. आमच्या वसईला ख्रिस्तदेहाच्या सणाला मिरवणुकीपुढे आम्ही मुली टोपलीतून फुलं उधळत चालायचो. मला वाटलं, एवढी मोठी बाई येतेय, तिच्या वाटेवर फुलं नकोत? दिली तुझ्या हातात गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली, आणि तू ती कठड्यावरून अख्खी बर्फावर रिकामी केलीस. काय बोंबाबोंब झाली, देवा! पाकळी स्केटच्या पात्याखाली आली की माणूस तोंडावर आपटतो, हे मला कोण सांगणार होतं? म्युझिक बंद, माणसं झाडू घेऊन धावली, आणि तुझे पप्पा मला ओळखही दाखवेनात.

मिस ग्वेनने हात करून झाडूवाल्यांना थांबवलं. मग एका पायावर घसरत, गुडघ्यात वाकत, एकेक पाकळी वेचायला लागली. लोक आधी हसले. मग सगळं रिंक असं गप्प झालं की बर्फावर पात्याचा आवाज तेवढा येत होता. मी रडायचं विसरले. पुढे दर शोमध्ये ती तेच करायची, स्वच्छ बर्फावर, म्युझिकशिवाय, पाकळ्यांशिवाय. पन्नाशी ओलांडलेली बाई काहीच नसलेलं वेचायची आणि आपल्याला तिची ओंजळ भरत चाललेली दिसायची. उड्या नाहीत, चमचमता ड्रेस नाही, साधी काळी पॅन्ट. तरुणपणी स्पर्धांमध्ये परीक्षकांनी तिला कायम खाली टाकलं ते यासाठीच. मार्क त्यांचे, बर्फ माझा, असं म्हणून मोकळी व्हायची.

पण तुला मार्क हवे होते ना! तिने नको नको म्हटलं, मी तिथेच उभी होते, तरी तू वेचणी घेऊन स्पर्धेला गेलीस. शेवटची आलीस. आणि राग कुणावर? तिच्यावर! स्केट्स गॅरेजमध्ये टाकलेस ते अजून तिथेच आहेत. मी त्यांना तेल लावते, पुसते, तुझ्या पप्पांना वाटतं मला वेड लागलंय. आणि ती काय कमी हेकट? फोन कर म्हटलं तर म्हणे, पोरीला वाटलं की येईल. दोघींना समोरासमोर बसवून एकेक थोबाडीत द्यावी असं कितीदा वाटलं. दोघीही माझ्याच लाडक्या, हीच तर पंचाईत.

आता ऐक. गेलं वर्षभर दर बुधवारी मी क्लेटनला शॉपिंगला जाते असं सांगायचे ना, तेव्हा शॉपिंगला जात नव्हते. रिंकवर जात होते. सुरुवातीला लहान मुलांना आधाराला देतात तो प्लॅस्टिकचा पेंग्विन धरून. हसू नकोस. मिस ग्वेन अंगावर ब्लँकेट घेऊन कठड्यापाशी बसायची आणि आजारी असूनही माझ्यावर ओरडायची. ती गेल्यावर वेचणी करायला तू येणार नाहीस अशी धास्ती आम्हा दोघींनाही होती, बोललो मात्र कधीच नाही. शनिवारी क्लबने नाव माझं लावलंय. एका पायावर मला जमत नाही, मी दोन्ही पायांवर करते. शेवटी गुडघा टेकून ती शेवटची पाकळी उचलायची असते, तिथपर्यंत मी पोहोचते. तिथून उठायचं कसं, ते तिने मला शिकवलंच नाही. दर वेळी विचारलं की म्हणायची, ते मेलिसाला येतं. तेव्हा शनिवारी सगळ्यांसमोर मी बर्फावर गुडघा टेकणार आहे आणि तशीच राहणार आहे. मला उठवायला ये.

तुझीच,
वैतागलेली मम्मी