फणसाच्या पानाची बोटं

मुंबई, १२ जुलै १९५८

आयेच्या पायांवर डोकं ठेवून मुरारी लिहितो की,

मी खुशाल हाय. खानावळीत पोटभर मिळतं. तुझा खोकला थांबला का?

काल कॉलेजात सरांनी बोटांसारखं चिरलेलं एक पान दाखवलं. झाड कुणालाच ओळखता आलं नाय. मी सांगितलं, "फणस. रोप लहान असलं की पानाला बोटं असतात, वाढलं की पान सरळ होतं." परसात तूच दाखवलं होतंस. सर खूश झाले. "कुणी शिकवलं?" म्हणाले.

सगळी पोरं बघत होती. तुझं नाव तोंडातून निघालंच नाय. म्हटलं, "पुस्तकात वाचलं."

लाज वाटते गो आये. आता सर ते पुस्तक मागतायत. सोमवारी त्यांना सांगणार हाय, ते पुस्तक गावी उमरठला असतं, आणि माझं पत्रसुद्धा त्याला गुरुजींकडून वाचून घ्यावं लागतं.

तुझाच,
मुरारी