वसंताला पेढीचा हुकूम

सूनबाई,

पौषात रंगूनहून आलेल्या ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते लिहिणारा तुझा नवरा वसंता सुखरूप आहे.

"बॉम्ब पडताहेत. माणसं घेऊन निघू का?" असं त्यानं विचारलं होतं. पेढीच्या लेखी हुकुमाशिवाय त्याच्यासारखा गुमास्ता रंगूनचं दुकान सोडत नाही, आणि मुनीम म्हणून हुकूम लिहायचा मी. निघा म्हटलं आणि त्यांची बोट बुडाली तर, या भीतीनं लेखणी उचलेना. तुझी सासू म्हणालीच, "इतल्या पोथ्या वाच्यात, तरी चार वळी लिखाले हात उचलत नही तुमना."

आज त्याचं कलकत्त्याहून पत्र आलं. भिंतीतल्या देवळीत ठेवलंय. तो पायी निघाला, आसामचे डोंगर ओलांडले. बुध्या हमाल तापानं पडला, तर त्याला पाठीवर घेतलं. एकही माणूस मागे सोडला नाही. सूनबाई, हा आपल्या घरातला मुलगा, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आणि शेवटी लिहितो, "हुकुमाशिवाय निघालो, क्षमा असावी. आता घरी येऊ का?"

तू नदीवर होतीस. पेढीचे मालक शेटजी तळोद्याला गेलेत, त्यांना न विचारताच मी लिहिलं, "सगळे घरी या," आणि पेढीचा शिक्का मारला. ते परतले की काय म्हणतील ते ऐकायला पेढीवर थांबतो; जेवायला वाट पाहू नकोस.

वसंताचं पत्र स्टेशनवरच्या टपालपेटीत टाकून आलो आहे.

नाना