दुपारचा पहारा

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून,

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून गावाकडे निघालेल्या सोनईच्या रंगनाथकडे चिठ्ठी देतोय. माझा कंटेनर चार दिवसांपासून बंदराबाहेर रांगेत आहे. ड्रायव्हर कमी पडलेत, बदली मिळत नाही. जेवण वेळेवर होतं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

दादा गेल्यापासून सप्ताहात वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचा माझा दुपारचा पहारा कधी चुकला नाही. यंदा माझ्या जागी धाकट्या अजिनाथला उभा कर. मागचा गाडीवाला चेष्टा करतो, "बुवा, स्टेअरिंग धरून ऱ्हावा, तीच तुमची वीणा."

बुधवारी दोन ते चार, माझ्या पहाऱ्याच्या वेळेला, मी गाडीशेजारी हात जोडून उभा राहीन. रोज रांग सरकावी म्हणून देवाला विनवतो. ते दोन तास मात्र ती सरकू नये.

तुझा लेक,
हनुमंत