भिंतीवरचं माझं नाव

परभणी, रविवार

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. कागदाला मधेच तोडता येत नाही.

डी. फार्मसी होऊन मी पुन्हा बी. फार्मसीला बसले तेव्हा तू हसला होतास. "आता अजून काय शिकायचंय? तुझ्या सर्टिफिकेटवर आपलं मेडिकल तर चालायलंय की!" हे शिकायचं होतं दादा. यंदा सूक्ष्मजीवशास्त्र आहे. गेल्या महिन्यात आम्ही काचेच्या बशीत जंतू वाढवले आणि त्यांवर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो. माझ्या बशीत पाच टिकल्या होत्या, गोल एकीलाच. बाकी चौघींना टेकून जंतू खुशाल वाढलेले. मॅडम म्हणाल्या, औषध अर्धवट घेतलं की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि पुढं त्यांचीच पिलावळ होते. मी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला येईल म्हणून.

मंगळवारी कळलं, आपल्या शेजारच्या कमलमावशी इथं दवाखान्यात भरती आहेत. डबा घेऊन गेले. विळा लागून पाय चिघळला होता. दोन बोटं काढावी लागली. पुवाचा रिपोर्ट उशाशी होता. अकरा औषधांची नावं, त्यांतल्या नऊ औषधांना जंतू दाद देत नव्हते. दोन महिने जखम वाहत होती, आणि मावशी देवगाव फाट्यावर येऊन तुझ्याकडून दोन-दोन गोळ्या न्यायच्या. ठणका थांबला की बंद. त्या गोळ्यांनीच असं झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "दुसरीकडं गेलेच न्हाई माय. भित्तीवर तुजं नाव हाय ना, म्हणून इस्वासानं तिथूनच घेतल्या."

मला त्यांच्याकडं बघवेना. दीड वर्षात मी त्या दुकानात चार दिवसही उभी राहिले नाही, आणि लोक माझ्या नावावर गोळ्या गिळतायत.

तू म्हणशील, लोकच दोन मागतात, सगळेच देतात. आई म्हणेल, बहिणीनं भावाच्या पोटावर पाय दिला. म्हणू दे. पदवी झाली की मी स्वतः तिथं उभी राहीन, आणि दोन गोळ्या मागणाऱ्याकडं चिठ्ठी असेल तर समजावून पुरा कोर्स देईन, नसेल तर डॉक्टरकडं पाठवीन. ते चालत असेल तर बोलव.

तोवर नाही. शुक्रवारी मी औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली आहे: यापुढं त्या दुकानाची फार्मासिस्ट मी नाही. दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत शटर उघडू नकोस. पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं सर्टिफिकेट न्यायला येतेय. उंच टांगलंयस, खुर्ची लागेल. तू नाही दिलीस तर समोरच्या हॉटेलातून मागून आणीन आणि सगळ्या फाट्यासमोर चढून काढीन.

तरीही तुझीच,
धम्मशीला