केअरगिव्हरच्या रकान्यात मी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
आईला लकवा मारून आठ महिने झाले. तिचं सगळं मीच बघतो आणि सरकारला पत्ता नाही. पेपरात वाचलं, अशा घरांना मदतीच्या योजना असतात. मग मला काहून सांगितलं नाही कोणी? आजपासून शोधमोहीम. आठवड्यात सरकारी मदतनीस बाई दारात. बायकोची, म्हणजे कुंदाची, कंबर पार धरली आहे, तिलाही आराम. संकल्प: चिडायचं नाही.

सकाळी ११.
चिडलो. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा दुकानातला भैया म्हणाला, आईचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि समग्र आयडी, म्हणजे इथला सरकारी कुटुंब क्रमांक, आणा. त्याला सुनावलं, एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, मला कागद शिकवू नकोस. कागद घरी होते. घरात कुठे, ते कुंदाला माहीत.

५ नोव्हेंबर.
भैयाकडे परत गेलो नाही. दुपारी डोळा लागला. सेवेनं माणूस थकतो, कोणाला कदर नाही. आईला कुशीवर वळवायला कुंदा हाका मारत होती म्हणे. जोरात मारायच्या.

८ नोव्हेंबर, शनिवार.
मदन महलच्या घरून पायी वॉर्ड ऑफिस. कुलूप. जनता मरते आणि हे सुट्टीवर. शनिवारच्या सुट्टीसाठी मीही मोर्चात होतो, पण ती गोष्ट वेगळी.

११ नोव्हेंबर.
कुंदा म्हणाली, तुम्ही नुसते रागावून राहिले, कागद मी वॉर्ड ऑफिसात देऊन आली, परवा तिथल्या अंजनी दीदी चौकशीला येऊन राहिल्या. माझी मोहीम, मला न विचारता. अंगाची आग झाली. चलो, उत्तरं मीच देणार. शर्ट इस्त्रीला टाकायला सांगितला.

१३ नोव्हेंबर. दुपारी ३.
दीदींनी विचारलं, माताजींना सकाळी कोणती गोळी? पांढरी, मी म्हणालो. पांढऱ्या तीन निघाल्या. जेवणाचं विचारलं, पोळी-भाजी म्हणालो. आईला सगळं पातळ करून, गाळून द्यावं लागतं, हेही मला कोणी सांगितलेलं नाही. तुमची सेवा कोण करतं, असं मग दीदींनी आईलाच विचारलं. तिनं चांगला हात उचलून कुंदाकडे केला. मी समोर बसलेलो असताना.

फॉर्ममध्ये केअरगिव्हर: कुंदा. सेवेची गरज असलेल्या व्यक्ती: दोन. दुसरं नाव, गौतम, वय एकसष्ट, म्हणजे मी. मी कडाडलो, ही चूक आत्ता खोडा. दीदी शांतपणे म्हणाल्या, मी आल्यापासून भाभीजी तुम्हाला चहा, चष्मा, बीपीची गोळी देऊन राहिल्या. चूक असेल तर त्याच खोडतील, सही त्यांची आहे.

कुंदानं फॉर्म दोनदा वाचला. मग सही केली.